देवीच्या फोटोमागची पाटी

माझा साडू भास्कर याने मला फसवलं. दोन हजार बारा सालची बस त्याने मला दोन हजार सोळाची म्हणून विकली आणि वर त्याच दिवशी माझ्या घरी श्रीखंड-पुरी जेवून गेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं प्रवासाचं आहे. डोंगर आणि तळी बघायला गेलेला हौशी माणूस म्हणून मला कोणी वाचू नये. गेलो होतो हौसेनेच, हे खरं. परत आलो ते वेगळ्याच कारणाने जागा होऊन.

फसवणूक मला नाशकात कळली नाही. कागद बरोबर होते, दरवर्षी पासिंग होत होतं. ती कळली इंग्लंडात, एका निवृत्त पोस्टमनच्या स्वयंपाकघरात, पुचाट चहा पिताना.

माझ्याबद्दल थोडं. वडील मखमलाबादच्या शिवारात मेथी-कोथिंबीर पिकवायचे. मी दिंडोरीकडे जाणाऱ्या एका खाजगी बसवर क्लीनर म्हणून लागलो, मग ड्रायव्हर झालो, मग एका बसचा मालक. आज नऊ बस आहेत. कारखान्यांचे कामगार नेतो, द्राक्षांच्या हंगामात हरसूलकडच्या बायका दिंडोरीच्या पॅकिंग हाउसला नेतो. भावात मला कोणी हरवलेलं नाही. भास्करकडून ती बस घेताना मी दोन दिवस घासाघीस केली, तो मध्येच उठून गेला, परत आला, आणि शेवटी माझ्याच आकड्यावर आला. त्या वेळी मला वाटलं मी जिंकलो. परराज्यातून आलेली गाडी होती, म्हणून इकडचा नवा नंबर घ्यावा लागला. तो मी बेरीज नऊ येईल असा निवडून घेतला. बेरजेवर माझं जेवढं लक्ष होतं तेवढं गाडीच्या तळावर असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

लेस्टर

मुलगी अश्विनी लेस्टरजवळ राहते. तिच्याकडे आम्ही दोघं सहा आठवडे राहायला गेलो, मी आणि माझी बायको सुमन. पहिले चार दिवस सुमन आणि अश्विनी स्वयंपाकघरात होत्या आणि मी खिडकीत. खिडकीतून रस्ता दिसायचा. रस्त्यावरून बस जायच्या.

गाडीच्या पुढची नंबरची पाटी पांढरी, मागची पिवळी. असं का, ते जावयाला विचारलं. तो म्हणाला, "पप्पा, तीस वर्षांत हा प्रश्न इथं कोणी विचारला नसेल." पण त्याने दुसरी गोष्ट सांगितली आणि ती मला लाखमोलाची वाटली. इथे नंबर गाडीला जन्माला येताना मिळतो आणि सहसा भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. गाडी गाव बदलो, मालक बदलो, नंबर तोच. आणि नंबरातले मधले दोन आकडे म्हणजे गाडीचं साल. मार्चपासून पुढे आलेल्या गाडीला सरळ सालाचे आकडे. सप्टेंबरनंतर आलेल्या गाडीला त्यात पन्नास मिळवून. म्हणजे बासष्ट दिसलं की समजायचं, बारा सालचा शेवट. रस्त्यावरून जाणाऱ्या शेंबड्या पोरालाही गाडीचं वय कळतं.

मी खिडकीत बसून वयं मोजायला लागलो. सुमन म्हणाली, "तिकडं राहून जे करता तेच करायला इकडं आलात का?"

पाचव्या दिवशी बस स्टँडवर गेलो. स्वच्छ, काचेचं, आणि चहाची टपरी नाही. एका बाकावर एक म्हातारा बसला होता. उंच, लाल नाकाचा, गुडघ्यावर वही. बस आली की मान वर करायचा, काहीतरी लिहायचा, मान खाली. मी अर्धा तास त्याच्यावर नजर ठेवली.

आमच्याकडे बसचे नंबर लिहीत बसलेला माणूस दोनच कारणांनी बसतो. एकतर तो खात्याचा असतो, नाहीतर समोरच्या मालकाने माझ्या फेऱ्या मोजायला बसवलेला असतो. या दुसऱ्या प्रकारच्या एकाला मी नाशकात निमाणी स्टँडवर कॉलर धरून उठवलेलं आहे. इथे माझी एकही बस नव्हती, तरी डोकं तापायचं ते तापलंच. जवळ जाऊन विचारलं, "यू कंपनी मॅन? ऑर गव्हर्न्मेंट?"

म्हातारा म्हणाला, "नो, नो. जस्ट मी."

ते तीन शब्द मला समजले आणि तरी समजले नाहीत. कोणाच्याही पगारावर नसलेला माणूस बसचे नंबर का लिहील? मी त्याच्या शेजारी बसलो. माझं इंग्रजी गॅरेजपुरतं आहे: ब्रेक, क्लच, गिअर, इंजिन. बसच्या बाबतीत तेवढं पुरतं असं दिसलं. अर्ध्या तासात आम्ही दोघं एका बसच्या मागे वाकून तिच्या इंजिनाचा आवाज ऐकत होतो. पिवळं जाकीट घातलेली स्टँडची बाई धावत आली. तिने म्हाताऱ्याला काही सांगितलं नाही, मला मात्र खूप सांगितलं. म्हाताऱ्याने मध्ये पडून तिला समजावलं. त्याचं नाव ट्रेव्हर. पोस्टातून निवृत्त. नऊ वर्षांचा असल्यापासून बसचे नंबर लिहितोय. बायको वारली आहे. मला म्हणाला, रविवारी मुलीला घेऊन घरी या.

ट्रेव्हरचं स्वयंपाकघर

अश्विनी दुभाषी म्हणून आली. सुमनने डब्यात चिवडा दिला होता. ट्रेव्हरने तो चमच्याने खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी डबा जवळ ओढून घेतला. त्याच्या चहाबद्दल मी काही बोलत नाही.

त्याच्या घरात टीव्हीपेक्षा वह्या जास्त. आसपासच्या प्रत्येक बस कंपनीची एक वही. प्रत्येक बसला एक ओळ: कंपनीतला क्रमांक, रस्त्याचा नंबर, चासीचा नंबर, बॉडी कोणी बांधली, बॉडीचा नंबर, कधी आली, कुठल्या डेपोत गेली, कोणाला विकली. बस भंगारात गेली की त्या ओळीवर पट्टीने लाल रेघ. मी पानं उलटत होतो. मला माझ्याच नऊ बसबद्दल एवढं माहीत नव्हतं.

"पैसे कोण देतं याचे?" मी अश्विनीला विचारायला लावलं.

"कोणीच नाही," ट्रेव्हर म्हणाला. "उलट स्टँडवर जायला मलाच तिकीट काढावं लागतं."

"मग कशासाठी?"

तो जे बोलला ते अश्विनीने असं सांगितलं: "ते म्हणतात, प्रत्येक गाडी कुठे गेली हे कोणाला तरी माहीत असावं."

मी हसलो. तेव्हा.

जगभरात ट्रेव्हरसारखी माणसं आहेत आणि ती एकमेकांना याद्या पाठवतात, हे त्याने संगणकावर दाखवलं. मलेशिया, पोर्तुगाल, चिली. प्रत्येक देशाची नंबरांची तऱ्हा वेगळी आणि ट्रेव्हरला सगळ्या पाठ. मी म्हणालो, तुमची पद्धत चांगली आहे, इथे वय लपवता येत नाही. तर तो गालात हसला. म्हणाला, येतं की. उत्तर आयर्लंडकडचे नंबर असतात, त्यांत सालच नसतं. सहलीच्या बसवाले ते विकत घेऊन जुन्या बसला लावतात, म्हणजे गिऱ्हाइकाला वय कळत नाही. कायदा एवढंच म्हणतो की गाडी आहे त्याहून तरुण दाखवायची नाही. वय झाकायचं असेल तर खुशाल झाका.

मला एकदम घरच्यासारखं वाटलं. माणसं सगळीकडे सारखीच आहेत, फक्त इथे त्यांनी झाकण्यालाही नियम करून ठेवलाय.

मग मी माझ्या बसचे फोटो दाखवले. त्या सोळाच्या बसवर येऊन तो थांबला. फोटो मोठा केला, परत लहान केला. मी त्याला आमच्या मिस्त्रीचं वाक्य सांगितलं. मिस्त्री दर खेपेला गाडीखालून बाहेर येऊन म्हणतो, "शेठ, हिचं वय आणि हिची हाडं जुळत नाहीत." फरशी सडते, चासीच्या आडव्या दांड्याला, क्रॉस मेंबरला, दोनदा वेल्डिंग केलंय. पण चासीवर कोरलेला नंबर आरसी बुकाशी जुळतो. त्यातलं सालाचं अक्षरही सोळाचंच.

ट्रेव्हरने विचारलं, "बॉडीची पाटी काय सांगते?"

मला कळेना. त्याने त्याची वही पुढे केली. चासी एक कंपनी बनवते, तिच्यावर बॉडी दुसरा बांधतो. बॉडी बांधणारा आपली एक छोटी पाटी दारावर किंवा ड्रायव्हरच्या डोक्यावर, काचेच्या वर ठोकतो, तिच्यावर त्याचा स्वतःचा अनुक्रम असतो. चासीचा नंबर लबाड माणूस घासतो, परत कोरतो. बॉडीच्या पाटीला कोणी हात लावत नाही, कारण ती कुठल्याच सरकारी कागदावर नसते. ती फक्त ट्रेव्हरसारख्या रिकामटेकड्यांच्या वहीत असते.

ड्रायव्हरच्या डोक्यावर. माझ्या डोळ्यांपुढे ती जागा आली. तिथे सप्तशृंगीचा फोटो आहे. बस आली त्याच आठवड्यात दसरा होता. मी स्वतःच्या हाताने तिथे फोटो लावला होता, कारण तिथे आयता एक चपटा पत्रा होता आणि स्क्रूची भोकं होती. तेव्हापासून दर दसऱ्याला मी तिथे हळद-कुंकू वाहतोय, हार घालतोय, नारळ फोडतोय.

बस घेतली तेव्हापासून ती चालवतो दगू, हरसूलकडचा. त्याला तिथूनच फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती.

"दगू, देवीचा फोटो काढ. मागं एक पाटी आहे. पूस आणि तिचा फोटो पाठव."

"फोटो काढू? देवीचा?"

"हो."

"शेठ, आज रविवार ना. बाया घरला सोडायच्या हायेत. उद्या सोमवार, सर्व्हिसिंग. मंगळवार देवीचा वार, त्या दिवशी मी हात लावणार नाय."

"अरे नुसता फोटो खाली घ्यायचाय, देवीला उठवायचं नाहीये."

"तेच की. बुधवारी काढतो. आंघोळ करून."

मी फोनवर बरंच बोललो. अश्विनीने ट्रेव्हरला ते काय आहे ते सांगितलं नाही. दगू मात्र बुधवारवरून हलला नाही.

ल्युसर्न

जावयाने आम्हाला चार दिवस स्वित्झर्लंडला पाठवलं, त्याचं बुकिंग आधीपासून होतं. मंगळवारी पोहोचलो. तळं निळं होतं, डोंगर पांढरे होते, सुमनने शंभर फोटो काढले. हे सगळ्यांनीच लिहिलेलं आहे, मी त्यात भर घालत नाही. रात्री चीज वितळवून त्यात पाव बुडवून खाल्ला. बेसनाऐवजी दूध घातलेलं, मिरची विसरलेलं पिठलं असं समजा. सुमनने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि आम्ही मुकाट्याने जेवलो.

मी डोंगरांऐवजी काय पाहत होतो ते सांगतो. आम्ही उतरलो त्या घरगुती हॉटेलच्या मालकाकडे दोन गाड्या होत्या, एक मोटार आणि एक जुनी डिलिव्हरी व्हॅन. सकाळी पाव आणायला निघाला तेव्हा त्याने मोटारीच्या पुढची पाटी खटकन काढली, मागची काढली, आणि दोन्ही व्हॅनला खटकन बसवल्या. मी दातात ब्रश धरून बाल्कनीत उभा होतो. तसाच खाली गेलो.

"थीफ?" मी विचारलं.

तो इतका हसला की त्याला टेकायला लागलं. मग त्याने हातवारे करून सांगितलं. इथे पाटी गाडीची नसते, माणसाची असते. गाडी विकली तरी पाटी माझ्याकडेच. दोन गाड्या असतील तर एका पाटीवर दोन्ही ठेवता येतात, फक्त एका वेळी एकच रस्त्यावर. विम्याला स्वस्त पडतं. मी त्या पाटीची खटकी तीन वेळा उघडून लावून पाहिली. नाशकात ही सोय आली तर दुपारपर्यंत एका पाटीवर सगळी गल्ली फिरेल. मी हे त्याला सांगितलं. त्याला कळलं नाही, पण तो परत हसला.

इंग्लंडात नंबर गाडीचा जन्मभर. इथे नंबर माणसाचा जन्मभर. आमच्याकडे नंबर कोणाचा, हा प्रश्न मला त्या बाल्कनीत पहिल्यांदा पडला. तोपर्यंत माझं उत्तर सोपं होतं: ज्याने बेरजेचे पैसे भरले त्याचा.

बुधवारी नाश्त्याला बसलो आणि दगूचा फोटो आला. तळहाताएवढा पत्रा, सगळा शेंदरी. कडेला हळदीचा थर. दगूने रॉकेलने अर्धाच पुसला होता, पण मधले चार आकडे आणि बॉडी बांधणाऱ्याचं नाव स्पष्ट होतं. खाली त्याचा आवाज रेकॉर्ड केलेला: "शेठ, आंघोळ केली, नारळ फोडला, मग काढला. फोटो सीटवर ठेवलाय, पदरात गुंडाळून. बायकोचा पदर हाय. लवकर सांगा परत लावू का, बाया विचारत्यात."

चार आकडे मी अश्विनीला पाठवले, तिने ट्रेव्हरला. सुमन समोर बसून ब्रेडला लोणी लावत होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

सांगितलं. भास्कर तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. लोणी लावायचं ती थांबली.

"अजून काही कळलेलं नाही ना?"

"नाही."

"मग ताईच्या घरात आत्ताच आग लावू नका. आणि देवळ्याच्या शाळेचं काय करायचं?"

हे मी अजून सांगितलं नव्हतं. निघायच्या आधी ती बस मी देवळ्याच्या एका शाळेला द्यायची ठरवली होती. शाळेचे सचिव निकम सर, शब्दाचे पक्के. कांद्यावाल्या गावांतून मुलं आणायला त्यांना बस हवी होती, मी परत आलो की ते न्यायला येणार होते. व्यवहार होताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, किती सालची? मी म्हणालो, सोळाची. छातीवर हात ठेवून म्हणालो. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

आता ती मुलांची बस होणार होती आणि तिची हाडं तिच्या वयाशी जुळत नव्हती.

दुपारी बोटीत बसलो. सुमन फोटो काढत होती, पण डोंगरांचे नाही, माझे. म्हणाली, "आज पहिल्यांदा तुम्ही एका ठिकाणी गप्प बसलात, म्हणून."

पुन्हा ट्रेव्हरकडे

ट्रेव्हरने आम्हाला लेस्टरच्या स्टेशनवरच गाठलं आणि घ्यायला आलेल्या अश्विनीसकट आपल्या घरी नेलं. बसने आला होता, त्या बसचा नंबरही लिहिलाच असणार. त्याने भारतातल्या एकाला विचारलं होतं. दक्षिणेकडे बँकेत नोकरी करणारा गृहस्थ, सुटीच्या दिवशी बस बॉडी बांधणाऱ्यांच्या शेडबाहेर उभा राहून फोटो काढतो आणि पाटीचे नंबर टिपून ठेवतो. त्याच्या यादीत माझे चार आकडे होते. सोबत फोटो.

फोटोत माझीच बस. नवी कोरी, हार घातलेली, दुसऱ्याच राज्याचा नंबर लावलेली, समोर ओळीने उभं राहिलेलं कोणाचं तरी कुटुंब. डावीकडच्या शेवटच्या खिडकीवर तीच जास्तीची छोटी झडप होती, जी माझ्या बसला आहे; ती पहिल्या मालकाने सांगून करून घेतली असणार. त्या झडपेचं कारण मला कधीच कळलं नव्हतं, पाऊस लागला की तिथून पाणी गळायचं. फोटोखाली साल लिहिलेलं होतं. बारा.

"मग सोळाची बस कुठली?" अश्विनीने विचारलं. "पप्पा, चासीवर नंबर तर सोळाचा आहे ना, आणि तो नंबर खरा आहे?"

ट्रेव्हरला याची सवय होती. त्याने हळू आवाजात सांगितलं आणि अश्विनीनेही हळूच सांगितलं. सोळाची बस खरी असणार. तिला अपघात झाला असणार, बस संपली असणार, पण कागद उरले. ते कागद कोणीतरी घेतले. मग त्याच कंपनीची एक जुनी बस शोधली, तिचा चासीचा नंबर घासून काढला आणि मेलेल्या बसचा नंबर तिथे कोरला. म्हणजे रस्त्यावर जी चालते ती बारा सालची, आणि कागदावर जी चालते ती केव्हाच मेली.

ट्रेव्हरने वहीत माझ्या बसला एक ओळ दिली. लाल रेघेसाठी पट्टी हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. दोन बस, एक नंबर. रेघ कोणावर मारायची, हे त्याला ठरवता येईना. पन्नास-साठ वर्षं वह्या लिहिणाऱ्या माणसाला पट्टी हातात धरून अडलेला मी पाहिला. शेवटी त्याने पट्टी ठेवली आणि ओळीसमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

निघताना मी त्याच्या भिंतीवरची एक जुनी नंबर प्लेट विकत मागितली, आठवण म्हणून. त्याने दहा पौंड सांगितले. मी तीन म्हणालो. अश्विनीने मान खाली घातली. पाचवर जमलं. मग त्याने पाच परत माझ्या खिशात कोंबले आणि चिवड्याचा रिकामा डबा स्वतःकडे ठेवून घेतला. हा सौदा मी हरलो की जिंकलो, अजून ठरवलेलं नाही.

नाशिक

घरी आलो त्याच दिवशी भास्करला फोन केला. आवाज चढवणार नाही असं सुमनला कबूल केलं होतं. चढवला नाही, सुरुवातीला.

"भाऊ, या बसच्या बॉडीची पाटी बारा सालची आहे."

"पाटीचं काय घेऊन बसलात? कागद बघा. कागदात काही खोट आहे का?"

"कागद दुसऱ्या बसचे आहेत."

तो म्हणाला, "गाडी चालते ना? आजवर कोणाला काही झालं का? मग?"

त्या "मग"नंतर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मला थांबवलं नाही. संध्याकाळी ती एकटीच बहिणीकडे गेली, रात्री आली, आणि एवढंच म्हणाली, "ताईला माहीत नव्हतं. आता माहीत आहे." त्यानंतर भास्कर फोन उचलत नाही. गावाला गेलाय म्हणतात. कुठल्या गावाला, ते त्यांच्या घरीही कोणाला सांगता येत नाही.

निकम सरांना मी स्वतः देवळ्याला जाऊन सांगितलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. त्यांच्या ऑफिसात बसलो, बाहेर शाळेचा व्हॉलीबॉल चालला होता. मी म्हणालो, सर, ती बस तुम्हाला देत नाही, ती सोळाची नाही. त्यांनी चष्मा काढला.

"शेठ, तुम्ही बोलला नसता तर आम्हाला कळलंही नसतं."

"मलाही कळलं नसतं, सर. एका पोस्टमनने सांगितलं."

"पोस्टमन?"

मग त्यांना ट्रेव्हरची गोष्ट सांगितली, वह्यांची, लाल रेघांची. त्यांनी चहा मागवला. दुसरी बस बघायला मी त्यांच्याबरोबर जाईन असं ठरलं. बॉडीची पाटी आधी बघू, हे त्यांनीच म्हटलं.

ती बस आता माझ्या वाड्यात उभी आहे, बंद. दगू दुसरी चालवतो. देवीचा फोटो नव्या बसमध्ये लावताना त्याने आधी मागचा पत्रा तपासला, मला हाक मारून दाखवला आणि मगच स्क्रू फिरवला. जुन्या बसमधली पाटी मी पुसून लख्ख केलीय. तक्रार दिलीय. पाटीचा फोटो, बँकवाल्या गृहस्थाने पाठवलेला फोटो, सगळं जोडलंय.

पण भास्कर, तक्रारीचं उत्तर सरकार घेईल. माझं उत्तर तुला द्यावं लागेल, आणि ते तू मला पैशांत देऊ नकोस, पैसे मी मागितलेले नाहीत. त्या बसमधून मी हरसूलच्या घाटातून चार हंगाम बायका नेल्या. दर दसऱ्याला मी देवीच्या फोटोला कुंकू लावत होतो आणि तुला माहीत होतं त्याच्यामागे काय आहे. हे तू आधी कबूल कर, तेही दगूसमोर आणि त्या बायकांसमोर, माझ्या घरातल्या दिवाणखान्यात नाही.

आणि नंतर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दे. सोळा सालची एक बस होती. तिचे कागद तुझ्या हातात कोणीतरी दिले. ती बस कुठे पडली आणि ती पडली तेव्हा तिच्यात कोण बसलं होतं? त्यांची ओळ कुठल्याच वहीत नाही. ये, पाटीसमोर उभा राहा आणि सांग.